कोडं असं घाला की पोर उठून आजोबांकडे जाईल

प्रश्न (खानापूर) : ताई, येत्या मार्गशीर्षात बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतात. आम्ही भावंडं पुणे, मडगाव, हुबळी अशी पांगलेली. सगळ्यांकडचे जुने फोटो मागवून मी स्क्रॅपबुक करते आहे. दर पानावर घरच्या माणसांचं, गावांचं एक शब्दकोडं असावं असं मनात आहे. पहिलं कोडं इंग्रजी नमुना समोर ठेवून केलं, तर काना-मात्रा कुठल्या घरात लिहायच्या यावरूनच घोळ झाला. शिवाय मुलं इंग्रजी माध्यमातली आणि धाकटी वहिनी धारवाडकडची, माहेरी कन्नड बोलणारी. सगळ्यांना जमेल असं काय करावं? आणि फोटो खराब होऊ नयेत म्हणून?

उत्तर : घोळ आधी निस्तरू. आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. जोडाक्षरसुद्धा एकाच घरात. म्हणजे ‘गोकाक’ला तीन घरं, ‘यळ्ळूर’लाही तीनच, आणि त्याच्या डोंगरावरच्या ‘राजहंसगड’ला सहा. आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथलं अक्षर तंतोतंत एक हवं. ‘का’च्या घरात ‘क’ चालवून घेऊ नका, मुलं लगेच पकडतात.

इंग्रजीवाल्यांना सव्वीस अक्षरांत कुठेही गाठ मारता येते. आपल्याला ती शोधावी लागते. म्हणून आधी चौकट आखून मग शब्द कोंबायला बसू नका. आधी पानावरच्या फोटोशी संबंधित वीसेक शब्द कागदावर लिहा, अक्षरं सुटी करा आणि सारख्या अक्षरांना गोल करा. तुमच्याच तालुक्यातली, मलप्रभेच्या उगमाची कणकुंबी घ्या आणि आपली बेळगावची मिठाई, कुंदा घ्या. दोन्हींत ‘कुं’ आहे, अनुस्वारासकट. जुळलं! ‘यळ्ळूर’च्या ‘ळ्ळू’ला मात्र जन्मात जोडीदार मिळायचा नाही, तो शब्द शेवटच्या ‘र’वर अडकवा.

समजा तुमच्याकडे गोकाकच्या धबधब्याचा फोटो आहे. त्या पानासाठी एवढंसं कोडं पुरे :

गो | का | क
■ | का | र
■ | ■ | दं
■ | ■ | ट

आडवे दोन शब्द, उभे दोन शब्द, घरं सातच. गोकाक, कार, काका आणि तिथली मिठाई करदंट. अख्खी सहल त्यात आली की हो!

आता खरं काम खुणांचं, आणि बहुतेक लोक इथेच आळस करतात. ‘घटप्रभेवरच्या धबधब्याचं गाव’ ही खूण शाळेच्या परीक्षेतली. ती कुणालाही सुटेल आणि सोडवून कुणाला काही मिळणार नाही. त्याऐवजी लिहा : ‘जिथल्या झुलत्या पुलावर आत्यानं डोळे घट्ट मिटून घेतले’. ‘कार’साठी ‘वाहन’ लिहू नका. ती कुणाची होती, कुठे बंद पडली, कुणी ढकलली ते लिहा. ‘करदंट’ला ‘घरी पोचेपर्यंत निम्मं कुणी संपवलं ते विचारू नका, काय संपवलं ते सांगा’. हुबळीच्या नातवाला हे ठाऊक असणार नाही. त्यानं उठून आजोबांकडे जायला हवं, ‘आजोबा, आत्या पुलावर घाबरली होती का?’ म्हणून विचारायला हवं. आजोबा पंधरा मिनिटं बोलतील. कोडं त्यासाठीच घालायचं. जे कोडं एकट्यानं, खुर्चीवरून न उठता सुटतं ते वर्तमानपत्रात बरं.

पण दर पानावर कोडं? नको. मुंजीच्या, लग्नाच्या गर्दीच्या फोटोंना घाला, जिथे ‘हे कोण?’ असं विचारावंच लागतं. ज्या फोटोत आई एकटी अंगणात बसली आहे, तिथे काही घालू नका.

चौकट चौकोनीच हवी असंही काही नाही. १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आर्थर विन यांचं पहिलं मानलं जाणारं शब्दकोडं छापून आलं ते शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. तुम्ही समईच्या आकाराचं करा, बैलगाडीच्या करा.

मुलांचं म्हणाल तर हिंदीमुळे त्यांना देवनागरी वाचता येते, अडतात ती ‘ळ’वर. तेवढी घरं आधीच भरून द्या. घरं मोठी, दीड सेंटिमीटरची ठेवा, म्हणजे आजोबांनाही चष्मा शोधावा लागणार नाही. वहिनीला मात्र मराठी कोड्यात दोन-चार कन्नड शब्द देऊन गप्प बसवू नका. तिला तिचं एक पान द्या आणि कन्नड लिपीतच करू दे. कन्नड वर्तमानपत्रांतली ‘पदबंध’ बघा, तिथेही एका घरात एकच अक्षर, ओत्तक्षरासकट (म्हणजे खाली जोडलेल्या अक्षरासकट), त्यामुळे रीत तीच. मग खानापूरच्या मंडळींना तिच्याकडे जाऊन विचारावं लागेल. बरंच आहे की.

एक इशारा. बेळगाव हा शब्द कोड्यात येणारच. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण तुमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना ते ‘वी’ घशाखाली उतरेल असं वाटत नाही. चौथ्या घरातून दुसरा शब्द नेऊ नका. ज्याला ‘व’ लिहायचा तो ‘व’ लिहील, ज्याला ‘वी’ लिहायची तो ‘वी’ लिहील. पंचाहत्तरीच्या दिवशी सीमाप्रश्न घरात कशाला?

फोटोंचं थोडक्यात सांगते. मूळ फोटो चिकटवू नका. सेलोटेप पिवळी पडते आणि सोबत फोटोलाही नेते. चिकट पानांच्या तयार अल्बममध्ये घातलेले फोटो काही वर्षांनी सुटत नाहीत, ओढले तर फाटतात. फोटोचे कोपरे अडकवायचे कागदी फोटो कॉर्नर वापरा, किंवा चांगली प्रत काढून ती लावा आणि मूळ फोटो वेगळा जपा. मागे नाव लिहायचं तर मऊ शिशाच्या पेन्सिलीनं, कडेला, न दाबता. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उठतो. कोडं घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापू नका. तुमच्या खानापूरच्या पावसाळी दमटपणात ती शाई पसरते. झेरॉक्सची शाई पसरत नाही. पानावर कोऱ्या कोड्याची एकच प्रत लावा, सोडवण्यासाठी दहा-बारा झेरॉक्स काढून लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटात घाला आणि ते पाकीट पानाच्या मागे लावा. नाहीतर पहिलं पोर पेन घेऊन बसेल आणि बाकीच्यांना फक्त बघायला मिळेल.

प्रश्न (निपाणी) : आमच्या घरच्या कोड्याची उत्तरं शेवटच्या पानावर उलटी छापावीत का?

उत्तर : उलटी छापलेली उत्तरं सगळे आधी वाचतात. बंद पाकिटात ठेवा. पण नुसता शब्द लिहून थांबू नका. ‘वखार’ असं उत्तर असेल तर कुणाची वखार, कुठल्या गल्लीत, फोटोत दारात उभे आहेत ते कोण, साल कुठलं, हे दोन ओळींत लिहून काढा. आज तंबाखूचा वास म्हटलं की तुमच्या घरात सगळ्यांना ती वखार आठवते. नातवंडांच्या मुलांना खूणही कळायची नाही आणि उत्तरही. तेव्हा विचारायला कुणी असेलच असं नाही, म्हणून पाकीट नीट भरा.

प्रश्न (चिकोडी) : अक्षरांच्या चौकटीतून नावं शोधायचं कोडं केलं आहे. उरलेल्या रिकाम्या घरांत कुठली अक्षरं भरू?

उत्तर : त्याच नावांतली. ‘ढ’, ‘झ’, ‘ठ’ भरलीत तर खरी नावं लांबूनच उठून दिसतात. घरात ‘मा’ आणि ‘शी’ची नावं जास्त असतील तर मोकळ्या घरांतही ‘मा’ आणि ‘शी’ पेरा, शोधणारा फसला पाहिजे. भरून झालं की मात्र सगळ्या ओळी वाचून काढा. आडव्या, उभ्या, तिरक्या आणि उलट्याही. मराठीत दोन अक्षरी शब्द न बोलावता येतात, आणि आजोबांच्या वाढदिवसाच्या पानावर ‘मर’ किंवा ‘रड’ आलेलं सगळ्यात आधी कुणाला दिसेल हे मी सांगायला नको.