केसरबाई आपल्या कशा?

प्रिय चिऊ,

मराठीत लिहितेय. एका बैठकीत वाचलंच पाहिजेस असं काही नाही. अडलीस तर बाबाला विचार, तोही अडला तर आक्का आजीला फोन लाव.

रविवारी तारांगणातून परत येताना ट्राममध्ये तू मला गप्प केलंस. व्हॉयेजरचा कार्यक्रम बघून आलो होतो. 1977 साली सोडलेल्या त्या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, आणि तिच्यावर जगभरच्या संगीतात आपल्याकडची केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ते ऐकल्याबरोबर मी तुझ्या मैत्रिणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "ह्या आमच्या! आमच्या कोल्हापूरच्या खाँसाहेबांच्या शिष्या!" तिथं तू काही बोलली नाहीस. ट्राममध्ये मात्र एकेक बोट दुमडत गेलीस. बाई गोव्याच्या. गुरू उत्तरेतले, मुसलमान. शब्द मराठी नाहीत. मग आपल्या कशा? आणि वर, "आई, कुणी फेमस असलं की तुम्ही लोक लगेच आपलं म्हणता."

'फेमस'पेक्षा 'तुम्ही लोक' जास्त लागलं. असो.

तुझ्या बाजूचा आणखी पुरावा मीच देते. केसरबाई लहानपणी काही महिने कोल्हापुरात शिकल्या, पण ते दुसऱ्या खाँसाहेबांकडे. अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांचं शिक्षण सुरू झालं 1921 च्या सुमारास, आणि पुढच्याच वर्षी शाहू महाराज गेले. मग खाँसाहेब मुंबईला गेले, 1946 साली वारलेही तिथंच. म्हणजे कोल्हापूरनं हक्क सांगायचा तो 1895 पासूनच्या पंचवीस-सत्तावीस वर्षांवर, जेव्हा ते महाराजांचे दरबारगायक होते. त्यांच्या गाण्याच्या घराण्याच्या नावातसुद्धा जयपूर आहे, अत्रौली आहे. कोल्हापूर नाहीच.

तरीही माझ्या तोंडून ते निघालं, कारण आण्णा तसं म्हणायचे. तुला आण्णा आजोबा फोटोतले माहीत, टोपीवाले. ते उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, लेथवर होते. संध्याकाळी घरी आले की मोरीवर आधी रॉकेलनं, मग साबणानं हात धुवायचे, आणि तरी जेवताना भाकरीला लेथवरच्या तेलपाण्याचा, कुलंटचा, वास यायचा. घरात कुणी गाणारं नव्हतं. पण देवल क्लबात, कोल्हापूरच्या गाण्याच्या जुन्या संस्थेत, गाणं असलं की ते इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून न्यायचे. आम्ही कायम मागे, दाराजवळ बसायचो, मला झोप आली तर निघता यावं म्हणून. झोप मला यायचीच. शब्द मला कळत नव्हते, आणि खरं सांगू का, आण्णांनाही नव्हते. मी एकदा विचारलं, ही बाई काय म्हणतीय? तर म्हणाले, "शब्दाला काय बघतीस, सम बघ." आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की माझ्या गुडघ्यावर बोट आपटायचे. माझं सगळं संगीतशिक्षण एवढंच. अजून कुठलंही गाणं लागलं की माझा गुडघा आधी जागा होतो.

खाँसाहेब कोल्हापूर सोडून गेले त्यानंतर कितीतरी वर्षांनी आण्णा जन्मले. पण बोलायचे असं, की कालच पेठेत भेटले होते. खाँसाहेबांच्या घरचं गाणं अंबाबाईच्या देवळात व्हायचं, हे ते मला महाद्वारातून आत शिरताना दर वेळी सांगायचे. हिंदू-मुसलमान असा विषय त्यात नसायचा. त्यांना सांगायची असायची ती आवाजाची गोष्ट. कोल्हापूरला यायच्या आधी एका संस्थानिकाकडे दिवसचे दिवस गावं लागलं आणि खाँसाहेबांचा आवाज बसला. बसला तो बसलाच, परत आला तेव्हा पहिल्यासारखा गोड राहिला नव्हता. मग त्या खरबरीत आवाजाला साजेल अशी वेगळीच गायकी त्यांनी बसवली, वळणावळणाची, कठीण. आज आपण जिला परंपरा म्हणून हात जोडतो ती तेव्हा कोरी करकरीत होती. आण्णा म्हणायचे, "टूल मोडलं म्हणून काम थांबतंय व्हय? धार लावायची वेगळी." कोल्हापूरचं आण्णांना आवडायचं ते हेच. बाहेरचं इंजिन आलं की खोलून बघायचं, जमलं तर तसलंच इथं ओतायचं. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा असाच इथं बनवला, हे तर ते पाहुण्यांना चहाआधी सांगायचे.

आता पेटीचं ऐक, तुला आवडेल, कारण पेटी तुमच्या युरोपातनं आली. बापूमामाची पेटी तू बडवली आहेस, तीच. ही आपली नव्हे, हिच्यातनं आपले सूर नीट निघत नाहीत, असं ठरवून आकाशवाणीनं 1940 ते 1971 तिच्यावर बंदी घातली होती. ज्यांनी घातली त्यांचं शास्त्र चूक होतं असंही नाही म्हणे. पण आमच्या गल्लीत भजनाला पेटी, नाटकाला पेटी, शाळेच्या प्रार्थनेला पेटी. रेडिओवर काय चाललंय ते तिथं कुणाच्या गावीही नव्हतं.

ह्या सगळ्याच्या जोरावर मी जिंकतेय असं मला ट्राममध्येही वाटत होतं, मनातल्या मनात. पण तुझं ते 'फेमस' अडतं. कारण आक्का.

आक्का गाते हे तुला माहीत आहे का? आम्हालाही माहीत नव्हतं म्हणायला हरकत नाही, कारण आमच्या घरात त्याला गाणं म्हणतच नसत. दळण गिरणीत जायचं, पण डाळी भरडायला जातं होतं, आणि जात्यावर बसली की आक्काच्या तोंडात ओवी यायची. ती मात्र शंभर टक्के मराठी बरं का, कागलकडची, तिच्या आईकडून आलेली. आणि नुसती आलेली नाही, ती नवीन जोडायची. मला एक पक्की आठवते:

उद्यमनगरामंदी, लेथ फिरतो गरागरा
धनी माझा सोनार, लोखंडाला देतो तोरा

लेथवरची ओवी! आण्णा ऐकून लाजायचे आणि रेडिओचा आवाज वाढवायचे. रेडिओवर कुणी बुवा असायचे. आता तूच सांग, तुझ्या यादीतले सगळे निकष आक्का पास करते, गाव, भाषा, रक्त, आणि तिला 'आमच्या!' असं मोठ्यानं कुणी कधी म्हटलं नाही. आण्णा खाँसाहेबांवर प्रेम करत होते ते त्यांच्या नावासाठी नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण तुझ्या मैत्रिणीसमोर मी ओरडले ते प्रेमानं की नावासाठी, ह्याची शपथ मला घेता येत नाही.

दोन वर्षांपूर्वीही तू असंच काही विचारलं होतंस. 8 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, मी मोबाईल घेऊन किचनमध्ये बसले होते, आणि तू विचारलंस, "तू त्या बिल्डिंगमध्ये राहायचीस का?" मी नुसतं नाही म्हटलं. 1915 चं थिएटर ते, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मागचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघून आल्यावर बांधलं. बघ, तिथंही युरोप. पण मी रडत होते ते शाळेच्या गॅदरिंगसाठी, त्या स्टेजवर माझी एक ओळ होती आणि आण्णांनी ती मागच्या रांगेतनं माझ्याबरोबर म्हटली होती.

मराठीवरून मी तुझ्या मागे लागते, ते थोडं कमी करीन. पूर्ण बंद नाही करणार. शनिवारच्या मराठीच्या वर्गात तू आक्कासारखं "आलो गं" म्हणालीस आणि तुला "आले" म्हणायला लावलं, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. वर्गात "आले" म्हण, मार्क त्याचे आहेत. घरी आक्काचंच चालू दे.

आणि मंडळाच्या गणपतीत तुला तुझं स्वतःचं जर्मन गाणं म्हणायचंय, त्याचं. पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी "बघू" म्हटलं, म्हणजे नाही, हे तुला कळतं. आता म्हण. कार्यक्रम ठरवणाऱ्या काकूंना तू स्वतः विचार, मी मध्ये पडणार नाही. त्या कदाचित एक मराठी गाणंही म्हण म्हणतील, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस, आणि पटत नसेल तर तसं नीट सांग. तुझं गाणं मला पूर्ण कळलेलं नाही. दुसऱ्या कडव्यानंतर ठेका बदलतो तिथं माझा गुडघा चुकतो, ते मला एकदा मोजून दाखव.

ओव्या हव्या असतील तर आक्काला दुपारी फोन कर, तिकडची दुपार, म्हणजे तुझी शाळेआधीची वेळ. आधी "मला कुठं येतंय" म्हणेल. लेथवरची विचार. ती मी तुला सांगितली हे कळलं तर चिडेल, पण म्हणेल.

तुझी,
आई