शाळा फुकट, तरी मुलगी घरीच का?

प्रश्न : ताई, गरीब देशांमधल्या मुलींच्या शिक्षणावर एवढं बोललं जातं, बऱ्याच ठिकाणी प्राथमिक शाळेची फीसुद्धा माफ झालीय, तरी मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की घरी बसतेच. मग आईबापांची मानसिकता बदलत नाही तोवर बाकी सगळं वायाच ना?

उत्तर : मानसिकता हा शब्द फार सोयीचा आहे हो, तो एकदा वापरला की आईबापांवर खापर फोडून आपण मोकळे. फी माफ असते पण गणवेश, वह्या, परीक्षेचे पैसे हे कोण माफ करतं? वर मुलगी शाळेत गेली की पाणी कोण आणणार आणि धाकट्याला कडेवर कोण घेणार, हाही हिशोब असतोच.

पण मला विचाराल तर खरी अडचण अंतराची. अफगाणिस्तानात घोर प्रांतात २००७ मध्ये काही गावांत गावातच शाळा काढली आणि बाकीच्या गावांना शाळेसाठी वर्षभर थांबवलं, तर शाळा मिळाली तिथे शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण दुसऱ्या गावांपेक्षा ५२ टक्क्यांच्या फरकाने जास्त निघालं, मुलगा-मुलगी हा फरक जवळपास पुसलाच गेला. आता सांगा, वर्षभरात कोणाची मानसिकता बदलली? बिहारमध्येही तेच. २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळायला लागले आणि जिथनं हायस्कूल तीन किलोमीटरच्या पुढे होतं तिथेच जास्त फरक पडला. एकटी पोर एवढं चालत जाणार म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो, पण पाच-सहा जणी सायकलवरनं घंट्या वाजवत निघाल्या की तीच आई म्हणते, जा पण अंधाराच्या आत ये.

लग्नाचं मात्र वेगळं, तिथे नुसती सायकल पुरत नाही. बांगलादेशाने १९९४ मध्ये खेड्यांतल्या हायस्कूलच्या मुलींना स्टायपेंड सुरू केला, तेव्हाच्या अटी अशा की ७५ टक्के हजेरी हवी, परीक्षेत किमान ४५ टक्के मार्क हवेत आणि दहावीच्या परीक्षेपर्यंत लग्न करायचं नाही, आणि पैसे थेट मुलीच्या नावच्या बँक खात्यात जायचे. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात आवडते, कारण घरात तिच्या शब्दाला वजन येतं.

आणि मानसिकताच म्हणाल तर कोणाची तेही बघा. त्याच अफगाणिस्तानात २०२१ पासून तालिबानच्या राजवटीत सहावीच्या पुढे मुलींना शाळा बंद आहे, आणि ती काही आईबापांनी बंद केलेली नाही.