मुलीला सीरियलमध्ये रोल देतो म्हणतात, पण आधी पैसे मागतात

प्रश्न : ताई, माझी मुलगी ९ वर्षांची आहे, चौथीत आहे. गॅदरिंगमध्ये नाटकात खूप छान काम केलं तिने, मी तो व्हिडिओ इन्स्टावर टाकला तर एका कोऑर्डिनेटरचा मेसेज आला की मराठी सीरियलमध्ये रोल नक्की देतो, पुण्याला या, पोर्टफोलिओ आणि रजिस्ट्रेशनचे मिळून ५५ हजार भरा. मिस्टर नको म्हणतात, सासूबाई म्हणतात नशीब चालून आलंय तर सोडू नका. काय करू? – एक आई, कराड

उत्तर : पैसे भरू नका. बाकीचं नंतर बोलू पण हे आधी, कारण असे लोक ‘उद्यापर्यंतच जागा आहे’ म्हणून घाई करतात.

हे काम चालतं कसं ते सांगते. कास्टिंग डायरेक्टरला, म्हणजे कलाकार निवडणाऱ्या माणसाला, पैसे प्रॉडक्शन हाऊस देतं, आणि मधला माणूस म्हणजे कोऑर्डिनेटर असेल तर तो काम मिळाल्यावर कलाकाराच्या मानधनातून कमिशन घेतो. म्हणजे काम मिळायच्या आधी आईबापांनी खिशात हात घालायचं काही कारणच नाही. आणि ‘रोल नक्की’ असं कोऑर्डिनेटर म्हणूच शकत नाही, ऑडिशन होते, लूक टेस्ट (भूमिकेच्या वेशात कसं दिसतं ते बघणं) होते, शेवटी चॅनेल ओके म्हणतं तेव्हा मूल नक्की होतं, तोपर्यंत दोन-तीन मुलं बॅकअपला असतातच.

पोर्टफोलिओ, म्हणजे स्टुडिओत काढलेल्या फोटोंचा अल्बम, तर ९ वर्षांच्या मुलीला लागतच नाही हो, सहा महिन्यांत दात पडतात, उंची वाढते, चेहरा बदलतो. दिवसाच्या उजेडात, मेकअप न करता मोबाईलवर काढलेले चार फोटो पुरतात, आणि एक इंट्रो व्हिडिओ, म्हणजे नाव, वय, उंची, गाव, कुठल्या भाषा येतात, दोन्ही बाजूंनी चेहरा, मग एक मिनिटाचा सीन. मागे साधी भिंत, फोन आडवा, झालं.

आता समजा उद्या खरंच काम आलं. तर कायदा तुमच्या बाजूने आहे आणि तो तुम्हाला पाठ पाहिजे, कारण सेटवर कुणी आपणहून सांगत नाही. बालमजुरी कायद्यात २०१६ ला बदल झाला आणि २०१७ ला नियम आले, त्यात १४ वर्षांखालच्या कलाकारांसाठी स्पष्ट लिहिलंय : दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या वर काम नाही, आणि निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची. शाळेची सोय बघणं हीसुद्धा निर्मात्याचीच जबाबदारी. मोठ्यांची शिफ्ट १२ तासांची असते, त्यामुळे मूल सकाळी येऊन रात्रीपर्यंत मेकअप रूममध्ये बसून राहतं असं होऊ शकतं, म्हणून कॉल टाइम (सेटवर पोचायची वेळ) किती आणि पॅकअप (काम संपायची वेळ) किती वाजता हे होकार द्यायच्या आधीच विचारा आणि लेखी घ्या.

मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावाने एफडी करावे लागतात, ते तिला १८ पूर्ण झाल्यावर मिळतात. मी तर म्हणेन सगळेच तिच्या नावाने ठेवा. मुलाने स्वतःच्या कलेतून कमावलेलं उत्पन्न इन्कम टॅक्समध्ये आईबापांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, त्याचं वेगळं रिटर्न भरता येतं, तर तिचं पॅन कार्ड काढून घ्या. आणि टीव्हीचं पेमेंट बऱ्याचदा ९० दिवसांनी येतं, म्हणून या पैशावर भिस्त ठेवून तुमच्यापैकी कुणी नोकरी सोडून शूटिंगसाठी मुंबईत गोरेगावला खोली घेऊ नका. सातारा-कोल्हापूर भागातही मालिकांचं शूटिंग होतं, आधी तिकडचं बघा.

पण ताई, तुमच्या पत्रात मिस्टर काय म्हणतात ते आहे, सासूबाई काय म्हणतात ते आहे, मुलगी काय म्हणते ते कुठेच नाही. गॅदरिंगमध्ये एकदाच करायचं असतं, समोर सगळी ओळखीची माणसं टाळ्या वाजवतात. सेटवर एकच वाक्य वेगवेगळ्या अँगलने आठ-दहा वेळा बोलायचं, मधे शूटिंगचे लाइट लावून होईपर्यंत गप्प बसायचं, टाळ्या कुणीच वाजवत नाही. तिला हे आवडतंय का ते कळायला मे महिन्यात एखाद्या नाट्यशिबिराला घाला, जमलं तर राज्य सरकारच्या बालनाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या ग्रुपबरोबर तालमी करू द्या. दहाव्या दिवशीही ती स्वतः चप्पल घालून दारात उभी असेल तर पुढे जा. नसेल तर थांबा, मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घ्यायचं नाही हेही त्या नियमांतच आहे.

सेटवर गेलात तर मॉनिटर (शूट होतंय ते दिसतं तो स्क्रीन) दिसेल अशा जागी बसा, पण कॅमेऱ्यामागून तिला खुणा करू नका, तिला दोन दिग्दर्शक नकोत. रडण्याचा सीन असेल तर आधीच सांगा की तिला घाबरवून, ‘आई सोडून गेली’ वगैरे सांगून रडवायचं नाही, डोळ्यांत पाणी आणायला ग्लिसरीन आहे ना त्यासाठी. हे बोलायला संकोच वाटतो, परत काम देणार नाहीत अशी भीती वाटते, तरी बोला, तिच्या वतीने नाही म्हणणारं तिथे तुमच्याशिवाय कुणीही नाहीये. आणि ऑडिशनहून परत येताना ‘घेतील का गं?’ विचारू नका, सीन काय होता ते विचारा, तिला सांगायला मजा येईल.

प्रश्न : मॅडम, मुलगा १७ वर्षांचा, बारावी सोडून मुंबईला जातो म्हणतोय, अॅक्टरच व्हायचंय. समजावून थकलो. – एक वडील, नांदेड

उत्तर : दादा, अॅक्टर होऊ नको असं म्हणणं सोडा, तुमचं भांडण तिथेच अडकलंय. त्याला अभिनयाच्या संस्थांचे प्रवेशाचे नियम वाचायला द्या. दिल्लीच्या एनएसडीला (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) पदवी लागते आणि किमान ६ नाटकांत काम केलेलं असावं लागतं, पुण्याच्या एफटीआयआयच्या (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) अभिनयाच्या कोर्सलाही पदवी लागते. बारावीनंतर लगेच जायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, आणि तुम्हाला जवळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग. म्हणजे बारावी त्याच्याच वाटेवर आहे. कॉलेजला गेल्यावर एकांकिका करू द्या, पुण्यात तर पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि मराठीतले कितीतरी नट तिथूनच आलेत. तालमीला रात्री उशीर होईल, तेव्हा ओरडू नका, जेवण झाकून ठेवा. आणि त्याची पहिली एकांकिका असेल तेव्हा तुम्ही स्वतः बघायला जा.