जुना डेस्कटॉप आणि नाटकांच्या संहिता

प्रश्न : आमच्या घरी २०१३ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क आणि विंडोज ७. गावच्या जत्रेत होणाऱ्या मराठी नाटकांच्या संहिता मी त्यावरच टंकित करून ठेवल्या आहेत. आता तो सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागतात आणि बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही. दुकानदार नवा संगणक घ्या म्हणतात. यावर विंडोज ११ घालता येईल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : विंडोज ११ घालू नये, मात्र तेवढ्यासाठी संगणक मोडीत काढण्याचेही कारण नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. ही तपासणी चुकवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्यावर बँकेचे व्यवहार करायचे त्या यंत्रावर ही टांगती तलवार नको. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

संगणक रखडतो तो बहुधा हार्ड डिस्कमुळे, कारण तिची तबकडी फिरून हवी ती जागा माहिती वाचणाऱ्या भागाखाली (हेडखाली) येईपर्यंत बाकीचे सारे भाग ताटकळतात. तिच्या जागी २४० किंवा २५६ जीबीची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, बसवावी; आपला मदरबोर्ड (संगणकाची मुख्य पाटी) जुना असला तरी फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. रॅम ८ जीबी करावी. ती डीडीआर-३ प्रकारचीच मागावी, कारण डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते आणि ती त्या स्लॉटमध्ये बसतच नाही. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने जुन्या रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. संगणकाची पेटी उघडलीच आहे तर त्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून घ्याव्यात.

यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घालावी, असा आमचा सल्ला आहे. ती विनामूल्य आहे, तिला टीपीएम लागत नाही आणि मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ब्राउझर अद्ययावत राहिल्याने बँकेची अडचणही सुटावी. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून ती काहीही न पुसता चालवून पाहता येते. प्रिंटर चालतो की नाही हे त्याच वेळी, एक पान छापून, पडताळावे.

खरी काळजी संहितांची घ्यायला हवी. त्या युनिकोडपूर्व (सर्व संगणकांवर चालणारी युनिकोड ही सामाईक अक्षर-संकेतपद्धती रूढ होण्याआधीच्या) फाँटमध्ये असतील, तर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर सूत्रधाराच्या नांदीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटते. म्हणून विंडोज ७ चालू आहे तोवरच प्रत्येक संहितेची पीडीएफ करावी, मूळ फाइली आणि फाँटच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात, आणि युनिकोडमध्ये रूपांतर मग सवडीने करावे. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात, तेव्हा पीडीएफ शेजारी ठेवून एकेक प्रवेश वाचून पाहावा. हे काम संपेपर्यंत काढलेली हार्ड डिस्क फॉरमॅट करू नये आणि कोणाला देऊही नये.