पाठीवरचा हुक झाडावर कामाचा नाही

प्रश्न: नमस्कार दादा, मी सक्करदऱ्याकडे राहतो, झाडं छाटायचे ठेके घेतो, सोबत दोन पोरं आहेत. पावसाळ्याआधी कामं लय येऊन राहिली, धरमपेठ, सिव्हिल लाइन्सकडची जास्त. आतापर्यंत कमरेला दोर बांधूनच चढत होतो पण एका सोसायटीनं सांगितलं बेल्टशिवाय गेटच्या आत यायचं नाही, म्हणून इतवारीतून डबल हुकवाला बेल्ट आणला. आता वर गेलं की तो मागचा दोर फांद्यांतच अडकते, शेवटी काढून ठेवतो. मग फायदा काय त्याचा? कोणी म्हणते तार भरलेला लॅनयार्ड, म्हणजे बेल्टला लावायचा आखूड दोर, घे, कोणी म्हणते खिळेवाले बूट घे. काय घेऊ?

उत्तर: भाऊ, बेल्ट खराब नाही, तो बिल्डिंगवाल्यांचा माल आहे एवढंच. पाठीच्या रिंगला २ मीटरचा दोर अन् त्यात शॉक अब्सॉर्बर, म्हणजे माणूस आधी पडणार, मग दोर त्याला धरणार, मग अब्सॉर्बरची ती शिवलेली पट्टी उसवत जाऊन झटका कमी करणार. आता हिशोब लावा ना. दोर २ मीटर, पट्टी पूर्ण उसवली तर पावणेदोन मीटरपर्यंत, त्याखाली तुमचं अंग, वर थोडी सूट धरली तर हुकाच्या खाली ६ मीटरच्या वर मोकळी जागा पाहिजे. तुम्ही अंगणातल्या कडुनिंबावर ४-५ मीटरवर बसून आरी चालवत असाल तर जमीन आधी येईल, दोर नंतर ताणेल. अन् मधल्या फांद्या तर सोडाच.

झाडावर पडू नये हाच बंदोबस्त करायचा असतो. त्याला पोझिशनिंग लॅनयार्ड म्हणतात, खोडाला वेढा घालून एक टोक कमरेच्या डाव्या रिंगला, दुसरं उजव्या, मधल्या अॅडजस्टरनं ताणून घ्यायचा आणि मागं रेलायचं, दोन्ही हात मोकळे. खांबावरचे लाइनमन पाहिले असतील, तेच. याच्यात शॉक अब्सॉर्बर नसतो म्हणून ढील अर्ध्या मीटरच्या वर नकोच. लेबलवर ईएन ३५८ (ईएन म्हणजे युरोपचं मानक) असेल तर हा प्रकार, ईएन ३६१ म्हणजे पडल्यावर धरणारा. आपल्याकडच्या बेल्टवर आयएस ३५२१ हे भारतीय मानक लिहिलेलं असते, ते पाहाच, पण तेवढ्यावर खुश होऊ नका, कमरेच्या दोन्ही बाजूला रिंगा आहेत का ते बघा. बऱ्याच डबल हुकवाल्या बेल्टला त्या असतात, तुमच्याही असतील, मग नुसता लॅनयार्ड घेतला की भागलं.

पण एकट्या लॅनयार्डवर राहू नका. मध्ये फांदी आली की तो सोडावा लागते आणि नेमकं त्याच मिनिटाला माणूस उघडा पडते. म्हणून वरच्या दणकट बेचक्यातून चढायचा दोर टाकायचा, ११ ते १३ मिलीमीटरचा, त्यावर बारीक दोरीची प्रुसिक गाठ, ही गाठ भार आला की आवळते आणि भार काढला की सरकते. लॅनयार्ड सोडला तरी हा दोर अंगावर राहते. आरी चालू असताना दोन्ही लागलेले पाहिजेत. बेचकं गुलमोहराचं असेल तर भरोसा ठेवू नका, ठिसूळ लाकूड, कडाक्कन जाते. आणि ती निळी प्लास्टिकची दोरी तर अजिबात नको! घासून गरम झाली की वितळते, अन् आपल्या मे महिन्यातल्या उन्हानं आधीच कुजलेली असते.

तारेचं म्हणाल तर, तुम्ही कुऱ्हाड चालवत असाल तर घ्या, कारण आपलाच दोर आपल्याच घावानं तुटतो, हे लोकांना खरं वाटत नाही. चेनसॉ मात्र तारही कापून जाते. आणि शेजारून विजेची लाइन जात असेल तर तार अंगाला नकोच, ओल्या नायलॉनमधूनही करंट येते, सरळ महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या.

खिळेवाले बूट छाटणीला नको. साल फुटते, त्या भोकांतून बुरशी आत शिरते. पूर्ण तोडायच्या झाडाला चालतात, पण त्याला १९७५ च्या झाडांच्या कायद्यानं मनपाची परवानगी लागते, ती कागदावर हातात घेऊनच चढा.

खालच्या पोराला दोर सोडून माणूस उतरवता आला पाहिजे. बेशुद्ध माणूस बेल्टमध्ये लटकून राहिला की रक्त पायात साचते, फायर ब्रिगेडची गाडी येईपर्यंत वाट पाहायला वेळ नसते.

प्रश्न: बेल्ट घामानं कडक झाला, सर्फमध्ये टाकू का? (हिंगणा)

उत्तर: नाही. कोमट पाणी, अंगाचा साधा साबण, सावलीत वाळवा. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ टांगू नका, अॅसिडच्या वाफेनं पट्टा आतून खराब होते, वरून दिसत पण नाही.