वाचक विचारतात : डिकीच्या दरवाजाला एवढा पसारा कशाला?

या वेळी टपालात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत. ‘मागचा दरवाजा’ म्हणजे मागच्या आसनाजवळचा नव्हे, तर वाहनाच्या पाठीवरचा, ज्याला आपण डिकीचा दरवाजा म्हणतो तो, असा अर्थ सर्वत्र घ्यावा.

प्रश्न : मी नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने प्रकल्पासाठी शहरात किराणा आणि भाजीपाला पोहोचवणाऱ्या छोट्या विद्युत वाहनाचा मागचा दरवाजा निवडला आहे. ‘प्रचलित दरवाजापेक्षा निम्म्या सुट्या भागांत करून दाखवा’, असे आमच्या सरांनी सांगितले आहे. भंगारातून एका हॅचबॅक गाडीचा दरवाजा आणून आम्ही तो सोडवला, तेव्हा क्लिपा, बोल्ट आणि वायरी धरून शंभरावर नग निघाले. एका दरवाजाला एवढे कशाला लागते आणि काटछाट कोठून सुरू करावी?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आपल्या सरांचे उद्दिष्ट योग्य आहे, मात्र नग मोजत बसल्यास आपण चार क्लिपांच्या जागी दोन क्लिपा लावून थांबाल, अशी मला भीती वाटते. आधी त्या दरवाजाकडे किती कामे सोपवलेली आहेत ते मोजावे. पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या बाजार समितीत कांद्याने भरलेल्या ट्रॉलीचा फाळका पाहावा. खाली बिजागऱ्या, वर दोन खिट्ट्या, बाजूला साखळ्या, आणि काम एकच : माल अडवणे. म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो आणि वाकला तर गावातला लोहारही त्याला सरळ करतो. हॅचबॅकचा दरवाजा मात्र दरवाजा असतोच, शिवाय तो खिडकी असतो, दिव्यांची पाटी असतो, पुसणीच्या (वायपरच्या) मोटरचे घर असतो आणि नंबरपट्टीची भिंतही असतो. आपण सोडवलेले बहुतेक नग या पाहुण्या कामांचे होते, हे आपली यादी पुन्हा पाहिल्यास ध्यानात येईल.

सर्वांत महागडा पाहुणा म्हणजे वीज. तिसरा ब्रेक दिवा, नंबरपट्टीचा दिवा, पुसणीची मोटर, काचेवरचे दव घालवणाऱ्या तारा आणि विजेचे लॉक या सर्वांच्या वायरी छताकडून दरवाजात एका लवचीक रबरी नळीतून जातात. दरवाजा जितक्या वेळा उघडतो तितक्या वेळा त्या वायरी त्याच एका जागी वाकतात आणि काही वर्षांनी आतल्या आत तुटतात. डिकी वर केली की नंबरपट्टीचा दिवा लागतो आणि बंद केली की विझतो, अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीत अनुभवी वायरमन बल्ब न पाहता आधी ती रबरी नळी सरकवून पाहतो, ते याचसाठी. मागचे दिवे दरवाजावर बसवले, तर आणखी एक अडचण उभी राहते : दरवाजा वर गेला की दिवेही आकाशाकडे पाहू लागतात आणि मागून येणाऱ्याला थांबलेले वाहन दिसत नाही. ऑडी क्यू७ या गाडीत मागचे मोठे दिवे दरवाजावर आहेत, म्हणून दरवाजा उघडल्यावर लागणारे वेगळे दिवे बंपरमध्ये द्यावे लागले. दिसण्यासाठी घेतलेल्या एका निर्णयाने दिव्यांचा जोड वाढला. आपण दिवे आणि नंबरपट्टी दोन्ही मुख्य सांगाड्यावर ठेवावीत.

दिवे सांगाड्याच्या कोपऱ्यांत गेले की दरवाजाची वाट अरुंद होते, हा आक्षेप आपले परीक्षक घेतील आणि तो खरा आहे. त्याचे उत्तर क्रेट मोजून द्यावे. भाजीचा प्लॅस्टिक क्रेट साधारण ६० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे दोन क्रेट लांबीने किंवा तीन क्रेट रुंदीने ठेवले तर १२० सेंटिमीटर लागतात. हाताला जागा धरून १२५ सेंटिमीटरची वाट पुरते. वाहन १५० सेंटिमीटर रुंद असेल, तर दोन्ही बाजूंना साडेबारा सेंटिमीटरचे खांब उरतात आणि त्यांत उभे, अरुंद दिवे सहज बसतात.

काचेविषयीही धीटपणे विचार करावा. मालवाहू वाहनात क्रेट छतापर्यंत रचले की मागची काच असून नसल्यासारखीच असते आणि चालक बाजूच्या आरशांवरच विसंबतो. काच काढली की तिची चौकट, रबर, पुसणी, पाण्याची नळी आणि मोटर ही सारी मंडळी एकदम निघून जाते. प्रवासी गाडीत याच्या उलट वाटेने, पत्रा काढून केवळ काच ठेवण्याने, साधेपणा आणला गेला आहे : २००५ साली आलेल्या टोयोटा आयगो, प्यूजो १०७ आणि सित्रोएन सी१ या जुळ्या गाड्यांमध्ये मागची काच हाच दरवाजा आहे. त्यामुळे दरवाजा हलका झाला आणि काचेखालचा आडवा पत्रा अखंड राहिल्याने सांगाडा पिळाला अधिक ताठ राहू शकला. खोक्याचे झाकण उघडले की खोके कसे लुळे पडते, हे आठवल्यास कारण कळेल. मात्र उंबरठा उंच झाला आणि प्रत्येक पिशवी त्यावरून उचलून आत टाकावी लागते. दिवसाला शंभर क्रेट चढवणाऱ्या माणसाच्या कंबरेला ही सोय परवडणार नाही, म्हणून आपल्या वाहनासाठी तो मार्ग मी सुचवत नाही.

साधेपणाची हद्द कोठे असते, हे टाटा नॅनोने दाखवले. २००९ साली विक्रीस आलेल्या नॅनोला मागचा उघडणारा दरवाजाच नव्हता आणि सामान मागचे आसन पाडून आतून ठेवावे लागे. बिजागरी, लॉक आणि रबर यांचा खर्च वाचला, वजन वाचले, सांगाडा ताठ झाला, हिशोब कागदावर चोख होता. पण २०१५ च्या जेनएक्स नॅनोला उघडणारा दरवाजा द्यावाच लागला. त्यामुळे जे काम ग्राहक रोज हाताने करतो ते काम कमी करू नये, आणि ज्याकडे त्याचे लक्षही जात नाही अशी कामे खुशाल कमी करावीत, असे मी मानतो.

आता बिजागऱ्या. दरवाजा बाजूला उघडणारा केल्यास वर उघडलेला दरवाजा तोलून धरणारे गॅसचे दांडे लागत नाहीत, ही मोठी बचत आहे. पण सगळे वजन बिजागऱ्यांवर लटकते. समजा, दरवाजा ३० किलोचा आहे, त्यावर २० किलोचे स्टेपनीचे चाक आहे, एकूण वजनाचा मध्य बिजागरीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे आणि दोन बिजागऱ्यांमध्ये ५० सेंटिमीटर अंतर आहे. मग वरच्या बिजागरीवर सुमारे ५५ किलोभाराची ओढ सतत राहते, आणि खड्ड्यात आदळताना ती कितीतरी वाढते. चाक तळाखाली हलवले आणि वजनाचा मध्य ५० सेंटिमीटरवर आला, तर ही ओढ ३० किलोभारावर येते. बिजागऱ्यांतले अंतर ७० सेंटिमीटर केले, तर २१ वर. एकही महाग भाग न वापरता भार निम्म्याहून कमी झाला. जुन्या जीपवजा गाड्यांचे मागचे दरवाजे खाली लोंबून लॉकला घासतात, त्याचे मूळ बहुधा याच गणितात असते.

पत्र्याविषयी थोडक्यात. आपल्या दरवाजाला बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे असतील आणि बाहेरच्याची कड आतल्यावर दुमडलेली असेल. पूर्ण सपाट पत्रा साच्याला स्वस्त, पण रस्त्यावर तो थाळीसारखा वाजतो, म्हणून दोन-तीन उथळ उभार अवश्य द्यावेत. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये जाऊन साचे करणाऱ्या कारागिराला आपले चित्र दाखवावे. कोणत्या कोपऱ्यात पत्रा फाटेल, हे तो बोट ठेवून सांगेल. संगणकावरच्या चित्राइतकाच तो अर्धा तास मोलाचा ठरेल.

रबर एकाच प्रतलात आणि गोलाईच्या कोपऱ्यांनी फिरवावे. धावत्या वाहनाच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूळ आत ओढली जाते, त्यामुळे मागच्या रबरातली बारीक फटही पुढच्या दरवाजातल्या फटीपेक्षा जास्त त्रास देते.

एका ठिकाणी मात्र काटकसर करू नये, ते म्हणजे लॉक. दोन टप्प्यांत अडकणारे लॉकच घ्यावे, म्हणजे दरवाजा पुरता लागला नाही तरी पहिल्या टप्प्यावर धरून राहतो. अपघातात मागचा दरवाजा उघडून माणसे बाहेर फेकली जातात, हे अमेरिकेत इतके ठळकपणे दिसले की बाजूच्या दरवाजांच्या लॉकसाठी असलेला नियम १९९५ साली मागच्या दरवाजांनाही लावण्यात आला. आणि २००४ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर मंजूर झालेला पहिला जागतिक तांत्रिक नियम दरवाजांची लॉक आणि बिजागऱ्या यांविषयीचाच होता. फाळक्याची खिट्टी कांद्यासाठी ठीक आहे. आपल्या वाहनात पुढे माणूस बसलेला असेल आणि त्याच्या मागून दुसरे वाहन धावत असेल.

प्रश्न : माझी द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे गाडीची डिकी वर करून हात सोडला की ती हळूहळू खाली येते. दुपारी मात्र नीट उभी राहते. गॅरेजवाला दोन्ही शॉकर बदला म्हणतो. ते काढून टाकून बॉनेटसारखा लोखंडी टेकू लावला तर कायमचा त्रास मिटेल का?
— एक बागायतदार, निफाड

उत्तर : गॅरेजवाला खरे सांगतो आहे. त्या शॉकरमध्ये, म्हणजे गॅसच्या दांड्यांत, दाबाखालचा नायट्रोजन वायू आणि थोडे तेल असते आणि तापमान उतरले की वायूचा दाबही उतरतो. दुपारच्या ३५ अंशांवरून पहाटेच्या ७ अंशांवर आल्यावर दांड्याचा जोर सुमारे ९ टक्क्यांनी कमी होतो. नव्या दांड्यात एवढी घट पचवण्याइतका जोर शिल्लक ठेवलेला असतो. आपल्या दांड्यांतला वायू वर्षानुवर्षे झिरपून तो शिलकीचा जोर संपला आहे, म्हणून दुपारी भागते आणि पहाटे भागत नाही. द्राक्षाला मानवणारी थंडी सगळ्यांनाच मानवते असे नाही.

दोन्ही दांडे एकदम बदलावेत आणि त्यांवर छापलेला न्यूटनचा आकडा जुन्याशी जुळवून घ्यावा. जास्त जोराचे घेतल्यास डिकी बंद करणे जड जाते आणि बिजागऱ्यांजवळचा पत्रा ताणला जातो. डिकी बंद असताना दांड्याची बारीक बाजू खाली राहील असे ते बसवावेत, म्हणजे आतले तेल रबरी सीलपाशी राहते. काढलेले दांडे कापू नयेत, त्यांना भोक पाडू नये आणि शेकोटीत तर मुळीच टाकू नयेत.

टेकूची कल्पना विचार करण्याजोगी आहे, कारण टेकूला तापमान कळत नाही आणि तो झिरपतही नाही. परंतु बॉनेट आपण महिन्यातून एकदा उघडतो आणि शांतपणे आत पाहतो. डिकीखाली मात्र आपण क्रेट घेऊन घाईत वाकतो. क्रेटचा कोपरा टेकूला लागला की वीस किलोचा दरवाजा मानेवर येईल. टेकू लावू नये.

प्रश्न : माझ्या गाडीचा वर उघडणारा मागचा दरवाजा काढून त्या जागी दोन पानी दरवाजा बसवून देण्यास एक फॅब्रिकेटर तयार आहे. हरकत आहे का?
— एक व्यावसायिक, अंबड

उत्तर : आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली आहे. नोंदणीच्या पुस्तकाशी वाहन जुळले नाही, तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. शिवाय वरच्या बिजागऱ्यांसाठी छताचा आडवा पत्रा मजबूत केलेला असतो, उभे खांब तसे केलेले नसतात. तेथे दरवाजा टांगल्यास खांबच वाकेल. दोन पानी दरवाजा हवाच असेल, तर तो कारखान्यातून बसवून आलेले वाहन घ्यावे.

प्रश्न : आम्हाला नवी गाडी घ्यायची आहे. माझ्या सासूबाईंची उंची पाच फुटांहून कमी आहे आणि रोजची भाजी त्याच आणतात. वर उघडणारा दरवाजा बरा की बाजूला उघडणारा?
— एक गृहिणी, इंदिरानगर

उत्तर : बाजूला उघडणाऱ्या दरवाजाला उंचीची अडचण नसते, पण मागे दरवाजाच्या रुंदीएवढी मोकळी जागा लागते. बाजारात मागची गाडी चिकटून उभी असेल, तर दरवाजा अर्धाच उघडेल. तसा दरवाजा घेतल्यास बिजागऱ्या उजवीकडे असाव्यात. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे दरवाजाचे तोंड पदपथाकडे राहते आणि सासूबाईंना रहदारीत उभे राहावे लागत नाही. उतारावर दरवाजा आपोआप मिटू नये म्हणून त्याला अडवणी आहे का, तेही गाडीचे तोंड उताराकडे ठेवून पाहावे. रेंज रोव्हरमध्ये १९७० पासून अर्धा दरवाजा वर आणि अर्धा खाली उघडतो. तो दिसायला राजेशाही आहे, पण खाली पडलेल्या अर्ध्या भागावरून वाकून आतली पिशवी काढणे कमी उंचीच्या माणसाला अवघडच जाते.

वर उघडणारा दरवाजा आवडला असेल, तर गणित असे आहे. बिजागरी जमिनीपासून १६५ सेंटिमीटरवर असेल आणि १०५ सेंटिमीटरचा दरवाजा आडव्याच्या थोडा वर, १५ अंशांवर थांबत असेल, तर त्याची कड सुमारे १९२ सेंटिमीटरवर जाते. सासूबाईंचा हात तेथे पोहोचण्याची शक्यता कमी आहे. त्यासाठी विजेवर मिटणारा महाग दरवाजा घेण्याची गरज नाही. दरवाजाच्या आतल्या बाजूस, कडेजवळ, वीतभर लांबीचा नायलॉनचा पट्टा आतल्या पत्र्याला स्क्रूने बसवून घ्यावा. खरेदीपूर्वी सासूबाईंना विक्रीदालनात सोबत न्यावे, आणि त्यांनी स्वतः डिकी दोनदा उघडून मिटल्यावरच आगाऊ रक्कम भरावी.