आधीपासूनचा आजार

प्रश्न : ताई, माझं वय ४४. गेली १९ वर्षं मी आरोग्य विम्याच्या क्लेम डिपार्टमेंटला आहे. डिस्चार्ज कार्ड, बिलं, रिपोर्ट वाचायचे, शंका आली तर क्वेरी टाकायची, मग क्लेम पास करायचा नाहीतर रिजेक्ट. हजारो आजार वाचले, पण आजारी माणूस कधी समोर आला नाही. ५ महिन्यांपूर्वी वडील १७ दिवस हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा नर्सचं काम पहिल्यांदा जवळून पाहिलं. एक सिस्टर वडिलांना कुशीवर वळवायच्या आधी दर वेळी स्वतःचे तळवे एकमेकांवर चोळून गरम करायची. ते माझ्या डोक्यातून जातच नाही. सतराव्या रात्री वडील गेले. मी तेव्हा घरी झोपायला आलो होतो.

ऑफिसात आता मन लागत नाही. नवे साहेब माझ्यापेक्षा ९ वर्षांनी लहान आहेत आणि रोज टार्गेटवरून बोलतात. मला नोकरी सोडून नर्सिंगचा कोर्स करायचाय. शिल्लक मोजली, साडेतीन वर्षं निभेल. मणक्याचा जुना त्रास आहे, पण किरकोळ. बायकोपुढे एकदा विषय काढला तर ती हसली, पुढे बोलणं झालं नाही. मुलगा १६ वर्षांचा. तो म्हणाला, "मित्रांना काय सांगू, बाबा नर्स आहेत म्हणून?" मी वेडेपणा करतोय का?

– एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र सहा पानी होतं, इथे जागेपुरतं छापलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या तळवे चोळणाऱ्या सिस्टरपाशीच थांबले. दुसऱ्यांदा मात्र तुमच्याच पद्धतीने वाचायचं ठरवलं, क्लेमची फाईल वाचतात तसं. कोण कशावर किती लिहितो आणि काय एका ओळीत उरकतो, ते बघत.

साहेबांवर दीड पान आहे. ते वयाने लहान आहेत हे तीन वेळा आलंय. सिस्टरवर एक परिच्छेद. मणक्यावर सहा शब्द. आणि वडील गेले त्या रात्रीवर एक वाक्य.

फॉर्मवरच्या 'आधीपासूनचा काही आजार?' या रकान्यात कुणी 'आहे, पण किरकोळ' असं लिहिलं, तर तुम्ही काय करता? क्वेरी टाकता. मग मीही टाकते.

वेडेपणाचं आधी सांगून टाकते. नाही, वेडेपणा नाही. क्लारा बार्टन १८५४ पासून वॉशिंग्टनला पेटंट ऑफिसात कारकून होती, दिवसभर कागद नकलून काढायची. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि जखमी सैनिक शहरात यायला लागले, तेव्हा ती ३९ वर्षांची होती. तिथून ती रणांगणापर्यंत गेली आणि १८८१ मध्ये तिने अमेरिकन रेड क्रॉस उभी केली. टेबलावरून उठून खाटेपाशी गेलेले तुम्ही काही पहिले नाही. फरक एवढाच की तिला कुणी रजिस्ट्रेशन नंबर विचारला नाही. तुम्हाला विचारतील, आणि विचारायलाच हवा.

काम मिळेल का, ही काळजी तुमच्या पत्रात दोनदा डोकावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगभरात २ कोटी ७९ लाख नर्स आणि आणखी ५९ लाखांची कमतरता, असा हिशेब होता. माणसं हवी आहेत. चाळिशीतल्या नवशिक्याला कोण किती पगार देईल ही गोष्ट निराळी, आणि तो बहुधा तुमच्या आजच्या पगारापेक्षा कमी असेल.

आता तुम्ही जे पाहिलंत त्याबद्दल. तुम्ही त्या सिस्टरची रोजची दहा-पंधरा मिनिटं पाहिलीत, तीही तुमच्या वडिलांच्या वाट्याला आलेली. उरलेल्या ड्यूटीत ती काय करत होती?

एक छोटं गणित घालते. १००० मिली सलाइन ८ तासांत संपवायचंय. सलाइनच्या नळीचा सेट १ मिलीला २० थेंब सोडणारा आहे. मिनिटाला किती थेंब पडायला हवेत? कागदावर तुम्ही अर्ध्या मिनिटात काढाल, ४२ च्या आसपास. आता हेच घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत, नळीवरचं चाक फिरवत, थेंब मोजत करायचं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना त्याच क्षणी बेडपॅन हवाय, सहा नंबरचे नातेवाईक डॉक्टर कधी येणार म्हणून तिसऱ्यांदा विचारतायत आणि फोन वाजतोय. पेशंटने हात दुमडला की थेंब अडतात. पुन्हा मोजायचे. काही ठिकाणी पंप असतात, ते बीप करून छळतात.

त्यात एकाच कुशीवर पडून होणारी जखम, म्हणजे बेडसोर, होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशी बदलायची. युरीन बॅग रिकामी करायची, पण आधी किती मिली ते बघून. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, बीपी, ड्रेसिंग, स्पंजिंग. औषध देताना पेशंट तोच ना, औषध तेच ना, डोस, वेळ आणि द्यायचा मार्ग बरोबर ना, हे प्रत्येक गोळीला. आणि हे सगळं लिहायचं. वॉर्डात नियम असा की लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही. कागदांचा कंटाळा आला म्हणून तुम्ही निघालायत आणि जिथे जाताय तिथेही कागद आहेतच! उलट हीच तुमची जमेची बाजू आहे, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. १९ वर्षं तुम्ही डॉक्टरांचं अक्षर लावलंत. डिस्चार्ज कार्डावरचा डोस आणि बिलातल्या गोळ्यांची संख्या जुळत नाही हे पकडलंत. वॉर्डात तीच नजर एखाद्याचा जीव वाचवते. तळवे गरम करायला शिकवता येतं. ही नजर यायला वर्षं जातात.

अडचण वेगळ्याच ठिकाणी येणार आहे. ९ वर्षांनी लहान असलेले साहेब तुम्हाला सहन होत नाहीत. कोर्सला शेजारच्या बाकावर तुमच्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी मुलं असतील. वॉर्डातली इन्चार्ज सिस्टर २८ वर्षांची असेल आणि पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर म्हणेल, "ही शीट अशी घालतात? काढा, पुन्हा घाला." तुम्ही काढायची, पुन्हा घालायची आणि विचारायचं, "आता बरोबर आहे का, सिस्टर?" हे वाक्य आरशासमोर म्हणून बघा. थट्टा करत नाहीये. ज्यांना हे जमत नाही ते अभ्यासात हुशार असूनही पहिल्या वर्षात गळतात. काही बाया तुमच्याकडून कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची काळजी घेऊ देणार नाहीत, बाई पाठवा म्हणतील. त्यात अपमान नाही, त्यांचा हक्क आहे. मुलाचं म्हणाल तर सोळाव्या वर्षी बाप काहीही असला तरी लाज वाटते. ती जाते.

मणका. इथे मात्र मी ऐकणार नाही. पेशंटला खाटेवरून खुर्चीत घेणं, वर सरकवणं, कुशीवर करणं हे दिवसात कितीदा होतं ते मोजायला गेलात तर मोजणं सोडून द्याल. दोघांनी मिळून, खाट कमरेच्या उंचीला घेऊन, शीट धरून 'एक, दोन, तीन' करायचं हे शिकवतात. पण रात्री अडीचला दुसरं माणूस सापडत नाही आणि पेशंट घसरत असतो. धडधाकट नर्सच्याही कमरा जातात. सिसली सॉण्डर्सने दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सिंग केलं आणि पाठीनेच तिला ते सोडायला लावलं. मग ती हॉस्पिटलात समाजसेविका झाली, ३३ व्या वर्षी डॉक्टरकीला बसली, १९५७ मध्ये डॉक्टर झाली आणि १९६७ मध्ये तिने सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, सुरू केलं. मरणाऱ्या माणसाच्या वेदनेकडे नीट बघायला जगाने जे शिकलं त्यातलं पुष्कळसं तिच्याकडून. हे धीर द्यायला सांगत नाहीये. पाठ नको म्हणाली तर खाटेपाशी जायला आणखी वाटा असतात, एवढ्यासाठी सांगतेय. तेव्हा आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा, पण 'पाठ दुखते' म्हणून नको. 'मी रोज ६०-७० किलोची माणसं हलवण्याचं काम धरणार आहे, धरू का?' असं विचारा. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं, हे तुमच्या टेबलावर तुम्ही रोज बघता.

बायको हसली म्हणता. मला वाटतं, तिला तुम्ही अजून प्रश्न विचारलेलाच नाही. तुम्ही विषय 'काढलात'. तो कसा काढलात याचा अंदाज मी करू शकते : जेवता जेवता, अर्धं थट्टेत, ती नाही म्हणाली तर माघार घेता यावी अशा बेताने. ती थट्टा समजली. तिच्यापुढे वही ठेवा. साडेतीन वर्षं निभेल असा तुमचा हिशेब आहे, पण अशा कोर्सला बहुतेक ठिकाणी तीन ते चार वर्षं लागतात, वर रजिस्ट्रेशन आणि नोकरी शोधण्याचे महिने. म्हणजे वही आत्ताच अपुरी पडतेय, आणि नेमक्या त्याच काळात मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च येणार. त्या वर्षांत घर कुणाच्या पगारावर चालेल? नाईट असली की सकाळी तुम्ही झोपलेले असाल, सणासुदीला ड्यूटीवर असाल. हे ओझं तिच्या खांद्यावर येणार आहे, तर ते तिला आधी दिसायला हवं. तिची परवानगी मागा असं मी म्हणत नाही, तिचा आकडा विचारा. ती म्हणेल तीन वर्षं नाही, दोन. किंवा म्हणेल, मुलगा मार्गी लागल्यावर. तिथून बोलणं सुरू होतं.

आणि आता ती एक ओळ.

'मी तेव्हा घरी झोपायला आलो होतो.' सोळा रात्री तुम्ही तिथे होतात, सतराव्या रात्री नव्हतात. ते गेले तेव्हा त्यांच्याजवळ दुसरं कुणीतरी होतं. माझा अंदाज चुकीचा असेल तर रागवा, पण मला वाटतं तुम्हाला नर्स व्हायचंय त्याच्या थोडंसं आधी तुम्हाला त्या रात्री त्या खुर्चीवर असायचंय. ही इच्छा कुठलाच कोर्स पुरी करत नाही. उलट वॉर्डात पहिल्या महिन्यात कुणाचे तरी वडील जातील, त्यांचा मुलगा घरी झोपायला गेलेला असेल, आणि तुम्ही शेवटची आवराआवर करताना कोसळाल. कोसळण्यात वाईट काही नाही, पण त्या वेळी बाकीच्या खाटांना तुम्ही हवे असता.

माझी आई गेली तेव्हा मी दारातच होते, औषध आणायला खाली गेले होते ती परत येत होते. त्यानंतर सहा-सात महिने मी ठिकठिकाणच्या संस्थांना पत्रं पाठवत होते, मला काहीही काम द्या म्हणून. एकीने बोलावलंही. गेले, तीन आठवड्यांत पळून आले. तेव्हा मला माणसांची सेवा करायची नव्हती, मला शिक्षा हवी होती. म्हणून तुमच्यात मला ते दिसत असेल, किंवा मीच माझं तुमच्यावर घालत असेन. तुमचं तुम्ही तपासा.

राजीनामा आत्ता देऊ नका. वडिलांना जाऊन वर्ष होईपर्यंत तरी नाही. तोवर मणक्याचा निकाल लावा. जिथे शिकायचंय तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे वयाची अट आणि शिक्षणाची अट स्वतः जाऊन विचारा, एजंटामार्फत नको. काही महिन्यांत नर्स करतो म्हणणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा. त्यातून बहुधा मदतनीसाचं प्रमाणपत्र मिळतं, नर्स म्हणून रजिस्ट्रेशन मिळत नाही. साठवलेली रजा काढा आणि एखाद्या शुश्रूषा केंद्रात महिनाभर मदतनीस म्हणून जा, त्यात निदान आठ रात्री. बेडपॅन, उलटी, रात्री तीन वाजता तोच प्रश्न अकराव्यांदा विचारणारी आजी, सगळं आपोआप समोर येईल. सहाव्या रात्री पाय सुजल्यावर, कुणी आभार मानले नाहीत तरी सकाळी तुम्हाला परत जावंसं वाटतंय का, ते बघा. वाटलं तर मी तुमच्या बाजूने आहे, आणि तसं तुमच्या बायकोला लिहून द्यायलाही तयार आहे. नुसतं साहेबांचं तोंड दिसत नाही म्हणून बरं वाटत असेल, तर डिपार्टमेंट बदलून घ्या. तेवढ्यासाठी चार वर्षं घालवायची गरज नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक करा. त्या सिस्टरला जाऊन भेटा. सतराव्या रात्री तीच होती की दुसरी कुणी, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा तुम्ही अजून विचारलंच नसावं. विचारा. त्यांना त्रास झाला का, काही बोलले का, कुणी हात धरला होता का. तिला आठवत असेल तर सांगेल, आणि तिला तुमचा नर्सिंगचा बेतही सांगा, ती काय म्हणते ते मला कळवा. तिच्या मताला माझ्यापेक्षा किंमत आहे. ड्यूटी बदलण्याच्या तोंडावर जाऊ नका, हॅण्डओव्हर चालू असताना तिला मान वर करायला फुरसत नसते. अर्धा तास उशिरा जा, ती बाहेर पडत असेल तेव्हा. आणि उभ्याने बोलू नका तिच्याशी. कुठेतरी बसायला न्या, आठ तास ती बसलेली नसते.